नादाची चित्रं : प्रस्तावना

१६ डिसेंबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या बैलगाडा शर्यतींना अटींसह परवानगी दिली आणि मे २०१४ पासून बंद पडलेली मैदानं पुन्हा भरू लागली. मधल्या साडेसात वर्षांत आणखी एक गोष्ट घडून गेली होती. शर्यती थांबल्या तेव्हा ग्रामीण ठाणे जिल्ह्यात बटणांचे फोन अजून सर्रास दिसत. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची फोर-जी सेवा आली, डेटा स्वस्त झाला, आणि शर्यती परतल्या तेव्हा मैदानाच्या कडेला उभ्या असलेल्या पोरांच्या हातात कॅमेरा होता. फोटो कापायचं, जोडायचं, त्यावर नाव टाकायचं अ‍ॅपही त्याच फोनमध्ये होतं. दुपारी सुटलेला बैल संध्याकाळी स्टेटसला झळकू लागला. मागची माणसं, गाड्या, मांडव काढून टाकलेले, त्यांच्या जागी काळपट आभाळ, खुरांखाली धुरळा आणि वर कडा चमकणाऱ्या जाड अक्षरांत बैलाचं नाव. मे २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतींचा कायदा वैध ठरवला, तोवर ही चित्रं शर्यतीचाच भाग होऊन गेली होती.

या पुस्तिकेचा विषय अशी चित्रं हा आहे. आपल्याला ज्याचा नाद आहे त्याचा फोटो, त्याचं नाव, एखादी ओळ आणि कोपऱ्यात बारीक अक्षरांत आपलं किंवा आपल्या मंडळाचं नाव, एवढाच त्याचा ऐवज. कुणी बैलाचं करतं, कुणी कबड्डीतल्या चढाईपटूचं, कुणी टेनिस क्रिकेटमधल्या फलंदाजाचं, कुणी माहुली किल्ल्याच्या सुळक्यांचं, कुणी पुढाऱ्याचं, कुणी गावदेवीचं. डीपीसाठी चौकोनी, स्टेटससाठी उभं, चौकात लावायचं तर आडवं. चित्र एकाचं असतं, पण ते दुसऱ्याबद्दलही सांगतं: मी याचा, आम्ही यांचे. म्हणून ते दुकानात तयार मिळालेलं चालत नाही. ते आपलं, आपल्या हातचं किंवा निदान आपल्या माणसाकडून करून घेतलेलं असावं लागतं.

ही चित्रं जिथली, ते ठाणे जिल्ह्यातले शहापूर आणि मुरबाड हे दोन तालुके एकमेकांना लागून आहेत, पण त्यांची वाट वेगळी. शहापूरला मुंबई-नाशिक महामार्ग आणि आसनगावचं स्टेशन आहे, तिथून लोकल थेट मुंबईत जाते. मुरबाडला अजून रेल्वे नाही, कल्याणहून एसटीने किंवा जीपने यायचं आणि पुढे माळशेज घाट चढायचा. दोन्हीकडे आता नगरपंचायत आहे, दोन्हीकडे फ्लेक्स छापून देणारी दुकानं आहेत आणि दोन्हीकडे कामाचं वर्ष सणांवर चालतं. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातली म्हशाची यात्रा भरते. खांबलिंगेश्वराचं दर्शन, घोंगड्यांची दुकानं आणि नावाजलेला बैलबाजार. त्याच सुमाराला, २ जानेवारीला, सिद्धगडावर हुतात्मा भाई कोतवाल आणि हिराजी पाटील यांना अभिवादन होतं. १९ फेब्रुवारीला शिवजयंती. उन्हाळा क्रिकेटचा आणि शर्यतींचा. ९ ऑगस्टला आदिवासी दिन, मग दहीहंडी, गणपती, नवरात्र. वाढदिवस तर बाराही महिने. यातल्या प्रत्येक दिवसासाठी कुणीतरी आदल्या रात्री जागून चित्र करत असतं.

माणसाच्या प्रतिमेवर त्याचं नाव लिहून ती लोकांच्या वाटेवर लावायची, ही कल्पना या मुलखाला नवी नाही. मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाकडून नाणेघाट चढून गेलं की माथ्यावर सातवाहनकालीन लेणं लागतं. भिंतींवरचा नागनिकेचा लेख इतिहासाच्या पुस्तकांमुळे ठाऊक असतो, पण मागच्या भिंतीकडे पाहायला हवं. तिथे राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे एका ओळीत कोरलेले होते आणि प्रत्येकाच्या डोक्यावर ब्राह्मी अक्षरांत, प्राकृतात त्याचं नाव होतं: सिमुक सातवाहन, सातकर्णी आणि राणी नागनिका, कुमार, महारठी त्रणकयिर. कोकणातल्या बंदरांतून जुन्नरकडे जाणारा व्यापारी या लेण्यासमोरून जाई. घाट कुणाचा आहे ते त्याला तिथेच कळावं, हा त्या ओळीचा उद्देश असणार. आज पुतळे फुटून गेले आहेत, पावलांचे अवशेष तेवढे दिसतात. वरची नावं मात्र अजून वाचता येतात. चित्रात अक्षराला किती वजन द्यायचं, हा प्रश्न या पुस्तिकेत पुन्हा पुन्हा येईल. त्याचं सगळ्यात जुनं उदाहरण तालुक्याच्या वेशीवरच आहे.

छापील चित्र घराघरांत पोचलं ते राजा रविवर्म्याच्या छापखान्यामुळे. १८९४ साली मुंबईत सुरू झालेला हा कारखाना पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि लक्ष्मी, सरस्वती, दत्त यांची रंगीत चित्रं भिंतींवर आली. पण लोकांनी ती चित्रं जशीच्या तशी ठेवली नाहीत. लक्ष्मीच्या साडीवर खरं कापड चिकटवलं, काठाला जर लावली, दागिन्यांच्या जागी टिकल्या आणि मणी बसवले. अशी सजवलेली चित्रं आज संग्राहक जपून ठेवतात. एकाच दगडावरून छापलेल्या हजार लक्ष्म्यांतली ही एक लक्ष्मी आपल्या घरची व्हावी, यासाठी कुणा बाईने सुईदोरा घेतला होता. आज मोबाइलवर लेयरवर लेयर चढवणारा मुलगा त्याच ओढीने काम करतो.

कल्याणचंही नाव या गोष्टीत येतं. कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी १९२४ साली ‘कल्याण खजिना’ हा मूकपट काढला. त्याचं भित्तिपत्रक हे भारतीय चित्रपटाचं टिकून राहिलेलं सगळ्यात जुनं सचित्र पोस्टर मानलं जातं. पेंटर मुळात पडदे रंगवणारे कलावंत. पुढे कित्येक दशकं पोस्टरचं काम त्यांच्यासारख्या हातांनीच केलं.

तालुक्याच्या गावांतही दुकानाची पाटी, एसटी थांब्यावरची जाहिरात, निवडणुकीच्या भिंती आणि लग्नाचा कापडी बॅनर हे सगळं पेंटर करायचा. दोरीला रंग लावून भिंतीवर रेघ उठवायची, अक्षरांची जागा बोटांनी मोजायची, आधी हलक्या हाताने आखणी आणि मग सपाट ब्रशने एका दमात वळण. माणसाचा चेहरा काढायची वेळ क्वचित यायची, कारण त्याला वेळ आणि पैसा दोन्ही लागे. म्हणून मान अक्षराचा होता. २००० नंतरच्या दशकात फ्लेक्सची छपाई गावोगाव पोचली आणि काही वर्षांत उलटंच झालं. चेहरा स्वस्त झाला, अक्षर मात्र कुणीच लक्ष देऊन काढेना. पेंटरांपैकी काहींनी ब्रश ठेवून माउस धरला. त्यांनी केलेलं बॅनर आजही लांबून ओळखता येतं: नावाभोवती मोकळी जागा असते आणि ओळी एकमेकींना रेटत नाहीत.

फोटो संपादनाची साधनं कुठून आली, हेही माहीत असलेलं बरं. अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात संशोधन करणाऱ्या थॉमस नॉल याने १९८७ साली पडद्यावर राखाडी छटांची चित्रं दाखवणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन चित्रपटांतल्या दृश्य-चमत्कारांचं काम करायचा. दोघांनी मिळून तो वाढवला आणि फेब्रुवारी १९९० मध्ये अडोबी कंपनीने फोटोशॉपची पहिली आवृत्ती बाजारात आणली. ते विकत घ्यावं म्हणून जॉन लोकांना करून दाखवायचा तेव्हा त्याच्याकडे नमुन्याला एक फोटो असे: बोरा बोरा बेटाच्या किनाऱ्यावर पाठमोरी बसलेली त्याची भावी पत्नी जेनिफर. तिची दुसरी प्रतिमा काढून शेजारी बसव, बेटाची जुळी जोडी कर, असं तो पाहणाऱ्यांसमोर करायचा. जगभरच्या स्टुडिओंचं साधन झालेल्या या सॉफ्टवेअरचं पहिलं जाहीर काम आपल्या माणसाच्या फोटोवर झालं, ही गोष्ट चाहत्यांच्या चित्रांबद्दल लिहिताना सांगण्यासारखी आहे.

लेयरची सोय १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तीत आली. त्याआधी एकदा चिकटवलेली गोष्ट मूळ चित्रात मिसळून जायची, पुन्हा उचलता येत नसे. लेयर आल्यावर आभाळ वेगळं, बैल वेगळा, धुरळा वेगळा, नाव वेगळं ठेवता येऊ लागलं. फ्लेक्सच्या दुकानात फोटोशॉपइतकंच कोरलड्रॉ चालतं. ते १९८९ चं, रेघांचं आणि अक्षरांचं साधन. फुकट आणि कायदेशीर हवं असेल तर १९९६ साली लोकांपुढे आलेलं गिम्प आहे. फोनवर पिक्सआर्ट आणि पिक्सेललॅब. मराठी बॅनरच्या दुनियेत ‘पीएलपी फाइल आहे का?’ हा प्रश्न दिवसातून कितीदा तरी विचारला जातो. ती पिक्सेललॅबची फाइल. उघडायची, फोटो आणि नाव बदलायचं, काम झालं.

इथेच या पुस्तिकेचं म्हणणं सुरू होतं. तयार फाइल सगळ्यांकडे सारखी असते. तिच्यात आभाळ असतं, ठिणग्या असतात, सोनेरी अक्षरं असतात. नसते ती एकच गोष्ट: ज्याचं चित्र करायचं त्याची ओळख. शहापूर-मुरबाडच्या पोराकडे ती आहे. कोणत्या बैलाच्या कपाळावर चांद आहे, कोणाच्या डाव्या शिंगाचं टोक जरा आत वळलंय, कोणता सुटताना मान खाली घालतो, हे त्याला माहीत असतं. चढाईपटूचा कोणता पाय आधी रेषेपलीकडे जातो, तेही. मुंबईत बसलेल्या कुशल डिझायनरला हे ठाऊक नसतं. साधनं शिकायची ती ही ओळख चित्रात उतरावी म्हणून. एवढं ध्यानात धरलं तर पुढचं बरंचसं तंत्र आपोआप जागेवर बसतं.

एक काम जवळून पाहू. शर्यतीच्या खिल्लार बैलाचा फोटो आहे, भर उन्हातला, मागे वाळलेलं गवत आणि माणसांचे पाय. बैल कापून वेगळा करायचाय. आपोआप कापणारं बटण दाबलं की पाठीची रेघ ठीक येते, वशिंडही येतं, पण चार जागी घोळ होतो. शिंगांची टोकं बोथट होतात, कारण बारीक टोक आणि मागचं फिकट आभाळ यांत यंत्राला फरक दिसत नाही. कानांच्या कडेचे केस उडतात. शेपटीचा गोंडा एक काळा गोळा होतो. आणि वेसणीपासून निघालेला कासरा मध्येच तुटतो, त्यामुळे बैल कुणी धरलेलाच नाही असं दिसतं. जाणकार काय करतो? शिंगं, पाठ आणि पाय पेन टूलने काढतो. टिंब कमी आणि वळणाच्या जागीच ठेवतो, शिंगाच्या एका बाजूला तीन-चार टिंबं पुरतात. गोंडा आणि कानाचे केस मास्कवर बारीक ब्रशने परत आणतो. कासरा जिथे फोटोतून बाहेर जातो तिथपर्यंत अखंड ठेवतो.

आणि खुरं. बहुतेक चित्रं इथे फसतात. बैल कापताना पायाखालचा खरा धुरळा पुसून टाकायचा आणि मग बाजारू धुराची पीएनजी आणून लावायची, ही सवय मोडायला हवी. मैदानात उडालेला धुरळा तांबूस असतो, त्यावर त्याच दुपारचं ऊन पडलेलं असतं. तो ठेवला तर नवं आभाळ कितीही काळं लावा, बैल जमिनीवर धावतो. पुसला तर तो हवेत तरंगतो. सावलीचंही तसंच. फोटोत ऊन उजवीकडून असेल तर नव्या पार्श्वभूमीतला उजेडही उजवीकडूनच यायला हवा. पाहणाऱ्याला चूक सांगता येत नाही, पण काहीतरी बिनसलंय हे त्याला लगेच जाणवतं.

बैलाचा रंगही असाच जपावा लागतो. काजळी छटेच्या खिल्लाराच्या खांद्यावरचा काळसरपणा खूप फिल्टर लावले की मळल्यासारखा दिसतो, मग तो काढायला बैल पांढराशुभ्र केला जातो. मालकाला आपला बैल ओळखू येत नाही. ज्याच्यासाठी चित्र केलं त्यानेच ‘हा आपला नाही’ म्हटलं, तर बाकीच्या करामतीचं काय करायचं?

आता अक्षर. मराठीत अक्षराला चित्र मानणारी मोठी परंपरा आहे आणि या कामात उतरणाऱ्याने ती पाहिलीच पाहिजे. कमल शेडगे यांनी टाइम्स समूहात काम करता करता मराठी नाटकांच्या जाहिरातींची शीर्षकं काढली. नाटकाचं नाव वाचायच्या आधीच त्याचा स्वभाव अक्षरांच्या वळणातून कळावा, असं ते काम होतं. २०२० च्या जुलैमध्ये ते गेले. अच्युत पालव यांनी देवनागरीचा ब्रश मोठ्या कागदांवर आणि मंचांवर नेला. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी ‘मंगल’ हा फॉन्ट घडवला आणि विंडोजवर मराठी वाचणाऱ्या लाखो लोकांच्या डोळ्यांसमोर तो वर्षानुवर्षं राहिला. अलीकडे मुंबईच्या ‘एक टाइप’ या गटाने ‘मुक्त’, ‘बलू’ असे देवनागरी फॉन्ट सगळ्यांसाठी फुकट खुले केले. ‘यात्रा वन’ हाही फुकट मिळणारा फॉन्ट. कॅथरिन ली श्मिट हिने तो मुंबईच्या लोकल रेल्वेवरच्या हाताने रंगवलेल्या पाट्या पाहून केला. आसनगावहून रोज लोकल पकडणाऱ्याच्या डोळ्यांत ते वळण आधीपासून आहे. त्याने ते आपल्या बॅनरवर वापरून पाहावं.

फॉन्टची एक अडचण प्रत्येकाला भोगावी लागते. जुन्या दुकानांत पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकचं श्रीलिपी चालतं. त्यातली फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की नावाच्या जागी इंग्रजी चिन्हांचा कचरा दिसतो. फोनवर मराठी लिहिलं जातं ते युनिकोडमध्ये, ते सगळीकडे वाचता येतं. पण फोटोशॉपच्या जुन्या आवृत्तीत तसंच चिकटवलं तर पहिली वेलांटी भलत्या बाजूला जाते, जोडाक्षरं सुटतात, ‘शर्यत’मधला रफार कुठल्या कुठे जाऊन बसतो. तिथे सेटिंगच्या टाइप विभागात जाऊन दक्षिण आशियाई लिप्यांचा पर्याय निवडावा लागतो. तो न सापडल्याने कित्येक बॅनर मोडक्या मराठीत छापली गेली आहेत. बैलाचं नाव चुकीचं छापणं हा गुन्हा नसेल, पण मालकाच्या मनाला ते फार लागतं. कुणाचंही नाव छापखान्याला पाठवण्याआधी दुसऱ्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्यावं.

अक्षरांना सजवण्याचा मोह आवरायला हवा. सोनेरी भरणी, मग पांढरी कड, मग काळी कड, मग निळा ग्लो, मग खाली सावली, आणि शेवटी आरपार एक चमक. एवढं झाल्यावर अक्षर कुठे उरतं? मान्य आहे की या चित्रांना भडकपणा शोभतो. यात्रेच्या रंगांत वाढलेल्या डोळ्याला फिक्या करड्या रंगाचा शहरी सभ्यपणा निस्तेज वाटणारच. म्हशाच्या बाजारात बैलाची शिंगं रंगवतात, गोंडे लावतात, झूल घालतात, त्यात कसलाच संकोच नसतो. पण तिथेही शिंगाचा आकार झाकला जात नाही. अक्षराला एक कड आणि एक सावली पुष्कळ होते.

वाढदिवसाच्या बॅनरवर मधल्या माणसाभोवती तीस-चाळीस शुभेच्छुकांचे गोल चेहरे लावतात. त्याची चेष्टा करणं सोपं आहे. पण त्यात प्रत्येकाला आपलं स्थान हवं असतं आणि कोण वर, कोण खाली यावरून गावात खरोखर मनं दुखावतात. करणाऱ्याला डिझाइनइतकंच गावही कळावं लागतं. चेहरे सगळे सारख्याच मापाचे, सारख्याच उंचीवर कापलेले, नावं एकाच फॉन्टमध्ये, आणि क्रम आधीच लिहून मंजूर करून घेतलेला असला तर रात्री बाराला फोन येत नाहीत.

मापांचं गणित थोडक्यात. स्टेटस १०८० बाय १९२० पिक्सेलचं केलं की फोनचा पडदा भरतो. सहा बाय चार फुटांचं बॅनर इंचाला ७२ पिक्सेल धरून ५,१८४ बाय ३,४५६ पिक्सेलचं होतं. ते लांबून पाहायचं असल्याने तेवढं चालतं. म्हणजे बऱ्या फोनने काढलेला मूळ फोटो मोठ्या बॅनरलाही पुरतो, पण तोच फोटो व्हॉट्सअ‍ॅपवरून साध्या पद्धतीने पाठवला की लहान होतो आणि मग बॅनरवर चेहऱ्याचे चौकोन दिसतात. पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवावा. पडद्यावरचा झगझगीत हिरवा आणि निळा छापताना मंद होतो, भगवा मात्र बराचसा टिकतो.

इतिहासातल्या माणसांची चित्रं करताना वेगळी काळजी लागते. आदिवासी दिनाच्या बॅनरवर बिरसा मुंडा आणि राघोजी भांगरे शेजारी शेजारी असतात. बिरसांचा अटकेच्या काळातला फोटो उपलब्ध आहे. राघोजींना २ मे १८४८ रोजी ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिली गेली, तेव्हा या मुलखात कॅमेरा रुळलेला नव्हता. त्यांची सगळी चित्रं नंतरच्या कलावंतांनी कल्पनेने केलेली आहेत. त्यांत काही चूक नाही, फक्त ती चित्रं आहेत हे करणाऱ्याला ठाऊक असावं आणि ज्या कलावंताचं काम उचललं त्याचं नाव कळत असेल तर ते कोपऱ्यात लिहावं. जिथे जुना फोटो खरोखर आहे तिथे चेहरा गुळगुळीत करू नये. हल्ली फोटोला ‘एचडी’ करणारी अ‍ॅप डोळे, ओठ, त्वचा स्वतःच्या मनाने नव्याने काढतात. बाहेर येतो तो कुणा तिसऱ्याच माणसाचा चेहरा. सिद्धगडावर १९४३ साली गोळी झेललेल्या माणसाच्या बाबतीत हे होता कामा नये. चिरा आणि डाग काढावेत, चेहऱ्याला हात लावू नये.

२०२३ पासून फोटोशॉपमध्येही शब्द लिहून चित्राचा भाग नव्याने तयार करण्याची सोय आली आहे. मागचा मांडव पुसायला, कडेचं आभाळ वाढवायला ती उपयोगी पडते, वापरावी. पण ‘धावणारा खिल्लार’ असं लिहून मिळालेला बैल कुणाचाच नसतो. त्याची शिंगं अगदी सारखी असतात आणि त्याला नाव नसतं. अशा बैलावर ‘बकासुर’ किंवा ‘मथुर’ असं गाजलेलं नाव टाकून फिरवलेली चित्रं खऱ्या चाहत्यांना एका नजरेत कळतात.

परवानगीबद्दल स्पष्ट लिहिलेलं बरं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा पहिला हक्क सामान्यतः तो काढणाऱ्याचा असतो. पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, काढून घेणाऱ्याकडे जातो. मैदानावर दिवसभर उन्हात उभं राहून कुणी फोटो काढतो आणि त्याचं नाव पुसून दुसरा त्यावर स्वतःचं टाकतो, हे रोज घडतं आणि ते थांबायला हवं. मुलींचे फोटो त्यांना न विचारता कुठल्याही चित्रात वापरू नयेत, मग ती कबड्डीची खेळाडू का असेना. चौकात बॅनर लावायचं तर नगरपंचायतीची किंवा ग्रामपंचायतीची परवानगी घ्यावी. मालमत्ता विरूपणाचा १९९५ चा कायदा महाराष्ट्रात लागू आहे आणि उच्च न्यायालयाने बेकायदा फलकांवरून प्रशासनाला पुन्हा पुन्हा सुनावलं आहे. फ्लेक्स प्लास्टिकचा असतो. कार्यक्रम झाला की तो उतरवून घरी आणावा. पावसाळ्यात गोठ्यावर किंवा लाकडाच्या ढिगावर घालायला तो कामी येतोच.

या कामातून पोट भरतं का, असा प्रश्न घरची माणसं विचारतात आणि तो रास्त आहे. नुसत्या स्टेटसच्या चित्रांवर नाही भरत. पण कापणं, जोडणं, अक्षर बसवणं हाताला आलं की लग्नपत्रिका, दुकानाच्या पाट्या, शाळेची प्रमाणपत्रं, यूट्यूबवर थेट दाखवल्या जाणाऱ्या सामन्यांचे धावफलक, अशी कामं मिळू लागतात. मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या दादोजी कोंडदेव स्टेडियमवर टेनिस बॉलची आयएसपीएल ही स्पर्धा पहिल्यांदा झाली. गावच्या मैदानावरचा खेळ इतका वर गेला की त्याच्यासोबत चित्रं करणाऱ्यांनाही जागा होते. त्या जागेवर बसायला मात्र उचललेल्या पीएलपी फाइलींपेक्षा जास्त काही यावं लागतं.

पुढची प्रकरणं ज्या क्रमाने काम होतं त्या क्रमाने लावली आहेत: फोटो काढणं, कापणं, उजेड जुळवणं, अक्षर, मापं, छपाई. प्रत्येक कृती संगणकावर आणि फोनवर अशी दोन्हीकडे दाखवली आहे, कारण संगणक सगळ्यांकडे नसतो. सुरुवात करण्याआधी वाचणाऱ्याने एक फोटो तयार ठेवावा. तो स्वतः काढलेला असावा, फोनमधली मूळ फाइल असावी, आणि ज्याचा असेल तो बैल, खेळाडू किंवा डोंगर त्याच्या रोजच्या पाहण्यातला असावा. सोबत एक कोरा कागद घेऊन त्यावर त्याचं नाव पेनाने मोठं लिहावं, निदान पाच-सहा वेगवेगळ्या वळणांत. चौथ्या प्रकरणात तो कागद लागणार आहे.